कंदांना ‘इतर’च्या रकान्यातून बाहेर काढा: कृषिमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: कणगर, करांदे, कोनफळ, सुरण, अळकुड्या या कंदपिकांची सरकारी मोजणी, त्यांचं बियाणं आणि मुलांच्या ताटातली त्यांची जागा

महोदय,

रानडुकरांनी आमच्या वाडीतले कणगराचे वाफे उकरून टाकले. नुकसानीचा पंचनामा झाला आणि त्यात पिकाच्या नावापुढे ‘किरकोळ भाजीपाला’ असं लिहिलं गेलं. सात-आठ महिने जमिनीत वाढलेलं, पौष-माघात घरच्या सगळ्यांचं सकाळचं खाणं असलेलं पीक कागदावर किरकोळ ठरलं. ज्यांनी ते लिहिलं त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्या हातातल्या यादीत कणगर नव्हतंच. तक्रार त्या यादीबद्दल आहे. गावपातळीवरच्या माणसाला ती दुरुस्त करता येत नाही, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे. आणि हा प्रश्न एकट्या माझ्या वाडीचा नाही, म्हणून ते सगळ्यांसमोर ठेवते आहे.

मी कुडाळ तालुक्यात भात लावते आणि घराभोवती कंद लावते. सासूबाईंकडून माझ्याकडे जे आलं त्यात सगळ्यांत मोलाचं म्हणजे माळ्यावर राखेत घोळून ठेवलेले बियाण्याचे कंद. कणगराचे दोन प्रकार होते: एक गुळगुळीत, पिठूळ आणि गोडसर; दुसरा काटेकणंग, ज्याच्या मुळांना काटे असतात आणि म्हणून डुक्कर त्याच्या वाटेला जरा कमी जातं. कोनफळ होतं, आतून जांभळं आणि आतून पांढरं, असं दोन्ही. करांदे होते, जे जमिनीखाली शोधावे लागत नाहीत, वेलीवर पानांच्या बेचक्यात लटकतात. सुरण होता. अळू होतं, ज्याचं पान, देठ आणि खालची अळकुडी असं काहीच वाया जात नाही. पहिल्या पावसाच्या सुमाराला कंद जमिनीत जातो, वेल वईवर, म्हणजे काट्याकुट्यांच्या कुंपणावर, नाहीतर आंब्या-फणसाच्या बुंध्यावर चढते, दिवाळीनंतर पानं पिवळी पडतात आणि वेल सुकली की खणायचं. फवारणी नाही, पंप नाही. परतीच्या पावसाने भात आडवं झालं त्या वर्षीही जमिनीखालचं हे खाणं शाबूत राहिलेलं मी पाहिलं आहे. आमच्या भागातल्या कितीतरी घरांनी वाईट वर्षं अशीच काढली आहेत, आणि ही शेती बहुतेक ठिकाणी बायकांनीच सांभाळली आहे.

आता तक्रारी मांडते.

पहिली आणि मुळातली तक्रार मोजणीची. देशात माणशी किती अन्न उपलब्ध आहे हे काढायची एक ठरलेली रीत आहे. उत्पादन आणि आयात यांची बेरीज करायची, त्यातून निर्यात, बियाणं, जनावरांचं खाणं आणि नासाडी वजा करायची, उरेल त्याला लोकसंख्येने भागायचं. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना बहुतेक देशांचा असा ताळेबंद मांडते. त्यात बटाटा, कसावा, रताळी, वेलकंद (कणगर-कोनफळासारखे वेलीचे कंद) यांना वेगळ्या ओळी आहेत आणि बाकीचे सगळे ‘इतर कंदमुळे’ या एका ओळीत जातात. अळकुडीची जागा तिथे. पण हा हिशेब सुरू होतो देशाने कळवलेल्या उत्पादनापासून. परसातलं, बांधावरचं, वईवर चढलेलं पीक पीकपेऱ्यात, म्हणजे सातबाऱ्यावरच्या पिकांच्या नोंदीत, उतरत नाही. मग ते जिल्ह्याच्या आकड्यात येत नाही, राज्याच्या येत नाही, देशाच्या येत नाही. आम्ही खातो ते अन्न देशाच्या हिशेबात पिकलेलंच नसतं.

खाण्याच्या बाजूनेही तेच. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2011-12 च्या घरखर्च पाहणीत भाज्यांची यादी होती. बटाटा, कांदा, मुळा, गाजर यांना स्वतःची ओळ होती, लिंबालाही होती. सुरण, अळकुड्या, कोनफळ हे सगळे ‘इतर भाज्यां’मध्ये. पाहणीवाला दारात आला आणि आम्ही खरं सांगितलं तरी कागदावर त्याचं ‘इतर’च होणार. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नघटकांच्या सारण्या प्रसिद्ध केल्या. ते काम मोठं आहे आणि मी त्याचा मान राखते. त्यात सुरण, रताळं, अळकुडी यांच्या नोंदी आहेत, बटाट्याच्या तर तीन आहेत. पण वेलकंदांच्या नोंदी दोनच: एक साधा आणि एक रानटी. कणगर, काटेकणंग, जांभळं कोनफळ, पांढरं कोनफळ, करांदा यांत गर वेगळा, रंग वेगळा, चव वेगळी, पोटात टिकण्याची मुदत वेगळी. त्यांचे अन्नघटक वेगळे असणार हे कोणत्याही आहारतज्ज्ञाला मान्य होईल. पण ते वेगळे मोजायचे कुणी?

ही कागदाची कुरकुर नाही. जे मोजलं जात नाही त्याला निधी मिळत नाही, विमा मिळत नाही, भरपाई मिळत नाही आणि आहाराचा तक्ता बनवणाऱ्याला ते आठवतही नाही. पुढच्या सगळ्या तक्रारी या एका तक्रारीतून निघतात.

दुसरी तक्रार बटाट्याला मिळणाऱ्या वागणुकीची. बटाट्याशी माझं भांडण नाही, माझ्याही घरात तो असतो. पण देशाने कंद म्हणजे बटाटा असं धरून टाकलं आहे. सिमल्याची केंद्रीय बटाटा संशोधन संस्था 1949 सालापासून एका बटाट्यासाठी काम करते. बटाटा सोडून बाकी सगळ्या कंदांसाठी मिळून एक संस्था आहे, तिरुवनंतपुरमची, 1963 सालची. नवी मुंबईच्या बाजार समितीत कांदा-बटाट्याला स्वतंत्र बाजार आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2008 हे बटाट्याचं वर्ष पाळलं आणि आता 30 मे हा बटाट्याचा दिवस आहे. बटाट्याच्या उत्पादनात आपला देश चीनच्या खालोखाल जगात दुसरा. याचा अभिमान जरूर असावा. पण राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2011 च्या आहार मार्गदर्शिकेत बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला 200 ग्रॅम कंदमुळं सांगितली होती. ती कंदमुळं, अनेकवचनी. प्रत्यक्षात ती जागा जवळपास एकट्या बटाट्याने भरली जाते. एका पिकावर रोग पडला, एका हंगामात शीतगृहांचं गणित चुकलं, तर भाव कुठे जातो हे दर काही वर्षांनी आपण सगळे बघतो. आहारातही आणि शेतातही एकाच कंदावर इतका भार ठेवणं शहाणपणाचं नाही.

उपवासाचं ताट बघा. आमच्याकडे महाशिवरात्रीला उकडलेली कणगरं, करांदे, रताळी असत. उत्तर कोकणात आदिवासी पाड्यांवर दिवाळीला करांदे उकडतात. ऋषिपंचमीच्या भाजीत बैलाच्या कष्टाचं काही घालायचं नाही असा नियम, म्हणून त्या भाजीत सुरण आणि अळकुड्या लागतातच. रायगडकडच्या पोपटीच्या मडक्यात वालाच्या शेंगांबरोबर कंद जातात. मुंबईत थंडीत उंधियूसाठी जांभळ्या कोनफळाला चांगली मागणी असते. म्हणजे हे पदार्थ लोकांना नकोसे झालेले नाहीत. तरी आज उपवास म्हटला की साबुदाणा आणि बटाटा. साबुदाणा टॅपिओकाचा, म्हणजे तोही कंदच. तो तमिळनाडूतल्या सेलमहून पिशवीत भरून गावोगावच्या दुकानात पोचतो, कारण त्याच्यामागे कारखाने, प्रतवारी, वाहतूक आणि व्यापारी उभे राहिले. ते सेलमला जमलं. आमच्या कंदांसाठी कुणी तसा विचार केला असता तर ते इथेही जमलं असतं, असं माझं मत आहे.

तिसरी तक्रार बियाण्याची, आणि ती मला सगळ्यांत जास्त बोचते. भाताचं बियाणं आणि जेवायचा तांदूळ यांचं वजन सारखं नसतं. थोड्या दाण्यांत शेत उभं राहतं. कंदाचं तसं नाही. जे लावायचं तेच खायचं. पिकातला मोठा वाटा बियाण्यासाठी बाजूला काढावा लागतो आणि तो मेपर्यंत कुजू न देता, उंदरापासून वाचवून ठेवावा लागतो. एखाद्या वर्षी घरात अडचण आली, डुकरांनी निम्मं नेलं, तर बियाणंही खाल्लं जातं आणि एक जात त्या वाडीतून संपते. ती परत मिळवायला दुकान नाही. मुलीला सासरी पाठवताना, बहिणीकडे गेल्यावर, असं हे बियाणं आजवर बायकांच्या पिशव्यांतून फिरलं. आता घरं बंद होत आहेत, मुलं मुंबईला आहेत, परसात काजू लागला, वईच्या जागी चिऱ्याचा गडगा आला. बियाणं फिरवणारी ती साखळी तुटत चालली आहे.

यात सगळ्यांत जास्त दुखतं ते हे, की काम झालेलं आहे. दापोलीचं आपलं कोकण कृषी विद्यापीठ अखिल भारतीय कंदपीक संशोधन प्रकल्पाचं केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी कणगराची ‘कोकण कांचन’, कोनफळाची ‘कोकण घोरकंद’, करांद्याची ‘कोकण कालिका’, रताळ्याची ‘कोकण अश्विनी’ अशा जाती दिल्या. तिरुवनंतपुरमच्या संस्थेने लहान तुकड्यांपासून कंद वाढवायची पद्धत बसवली, ज्याने बियाण्याचा खर्च खूप खाली येतो. ‘भू सोना’ नावाचं नारिंगी गराचं रताळं दिलं, ज्यातून मुलांना अ जीवनसत्त्व मिळू शकतं. नारिंगी रताळ्यावरच्या अशाच कामाला 2016 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आहे. पण आमच्या भागात या जातींच्या बियाण्याची मी चौकशी केली तेव्हा भाताचं, भाजीपाल्याचं, काजूच्या कलमांचं सगळं सांगितलं गेलं. कंदाचं बियाणं कुठे मिळेल ते कुणालाच सांगता आलं नाही. विद्यापीठात तयार झालेली जात माझ्या वाफ्यापर्यंत येत नसेल तर मधला रस्ता बांधणं हे सरकारचं काम आहे.

चौथी तक्रार मुलांच्या ताटाची. 2024 च्या जूनमध्ये राज्याने शाळेतल्या पोषण आहारासाठी 15 पाककृती ठरवल्या. पुढे त्यात फेरफार झाले, पण त्या मूळ यादीकडे बघा: मटार पुलाव, सोयाबीन पुलाव, अंडा पुलाव, मूग-शेवगा वरणभात, मटकीची उसळ, नाचणीचं सत्त्व. शेवगा आला, नाचणी आली, याचा मला आनंद आहे. पण नावानिशी एकही कंद नाही. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठीच्या अमृत आहार योजनेत भाकरी, भात, डाळ, अंडी, केळी, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू असं चांगलं ताट ठरवलं आहे. त्यातही कंदाला जागा नाही. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी 1992 साली राज्य हादरलं होतं. त्याच डोंगरांतले लोक पावसाळ्यातल्या टंचाईत कंद खणून दिवस काढत आले. कडूकंद चिरून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून त्याचं विष काढायची विद्या त्यांच्या म्हाताऱ्या माणसांकडे आहे. त्या लोकांसाठी ताट ठरवताना त्यांच्या अन्नातलं एक अख्खं दालन बाहेर राहिलं.

कृषी खातं ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतं. मी स्वतः तिथे कंद मांडले आहेत. लोक येतात, फोटो काढतात, चव घेतात आणि कौतुकाने चौकशी करतात. पण ऑगस्टमध्ये वेली नुकत्या चढत असतात, खरा कंद डिसेंबर-जानेवारीत निघतो, आणि तेव्हा विचारायला कुणी नसतं.

पाचवी तक्रार थोडक्यात. रानडुक्कर, माकड आणि गवा यांच्यामुळे आमच्याकडे माणसं कंद लावायचं सोडत आहेत. डुक्कर कंद खातंच, वर सगळा वाफा उलथून ठेवतं, पुढच्या वर्षीच्या बियाण्यासकट. भरपाई ठरवताना जे शेतात उभं दिसतं त्याचा हिशेब होतो. कंदाचं सगळं जमिनीखाली असतं आणि त्याला दर लावायला यादीत नाव नसतं.

तुमच्या खात्यातले काही अधिकारी म्हणतील, बाई, या पिकाला बाजारच नाही. त्यांना मी नाचणी दाखवेन. नाचणीलाही असंच म्हटलं जात होतं. 2018 साली केंद्राने तिला आणि तिच्या बहिणींना पौष्टिक तृणधान्यं म्हणून मान्यता दिली, नाचणीला हमीभाव होताच, आपल्या देशाच्या पुढाकाराने 2023 हे भरडधान्यांचं जागतिक वर्ष झालं. आज कुडाळच्या दुकानात नाचणीची बिस्किटं मिळतात. आधी सरकारने नाव घेतलं, मग बाजार आला. हाच क्रम कंदांच्या बाबतीत का लावू नये?

मी अशक्य काही मागत नाही. रेशनवर कंद द्या असं माझं म्हणणं नाही. अन्नसुरक्षा कायद्यातलं माणशी महिन्याला 5 किलो धान्य साठवता येतं, कंद तसा गोदामात महिनोन् महिने राहणार नाही. रानातला कडूकंद शाळेत शिजवा असंही मी म्हणत नाही; ज्याची विद्या हातात नाही तो कंद घातक ठरू शकतो. मी लागवडीच्या, पिढ्यान् पिढ्या उकडून खाल्लेल्या कंदांबद्दल बोलते आहे.

माझ्या मागण्या या आहेत.

1. शेतातलं पीक मोबाइलवरून नोंदवायच्या ई-पीक पाहणीच्या यादीत कणगर, कोनफळ, करांदा, सुरण, अळकुडी, रताळं यांना प्रत्येकी वेगळं नाव असावं आणि परसातली, बांधावरची लागवडसुद्धा वेलींच्या किंवा आळ्यांच्या संख्येने नोंदवता यावी. गुंठ्यात मोजायला गेलात तर आमचं पीक कधीच दिसणार नाही.

2. घरखर्चाच्या पुढच्या पाहणीत बटाट्याशिवायच्या कंदांना निदान दोन-तीन स्वतंत्र ओळी मिळाव्यात, यासाठी राज्याने केंद्राकडे लेखी आग्रह धरावा. कोकणातल्या आणि पालघर, नाशिक, नंदुरबारच्या आदिवासी भागातल्या कंदांचे अन्नघटक जातवार तपासून घ्यावेत.

3. कोकणातल्या प्रत्येक तालुक्यात, आणि पुढे सह्याद्रीच्या बाकी पट्ट्यात, कंदांच्या बियाण्याची एक रोपवाटिका असावी. ती चालवायला बचत गट तयार आहेत. त्यांना विद्यापीठाकडून पहिलं बियाणं, तुकडा पद्धतीचं प्रशिक्षण आणि खरेदीची हमी हवी. विद्यापीठाच्या जातींबरोबर गावच्या जुन्या जातीही तिथे नावानिशी जपल्या जाव्यात, आणि त्या कुणाच्या घरून आल्या तेही लिहिलं जावं.

4. शाळेच्या आहारात डिसेंबर ते फेब्रुवारी आठवड्यातून एकदा स्थानिक कंद द्यावा. प्राथमिकच्या मुलाला रोज 50 ग्रॅम आणि वरच्या वर्गातल्या मुलाला 75 ग्रॅम भाजी द्यायची हे प्रमाण ठरलेलंच आहे. त्यातल्या एका दिवसाची भाजी गावातून घ्यावी. कंद शाळांच्या परसबागांतही लावावेत. शाळा जूनच्या मध्याला उघडते, लावणीही तेव्हाच करता येते आणि वर्ष संपायच्या आत काढणी होते. परसबागेला याहून सोयीचं पीक मला माहीत नाही. यासाठी तुम्ही शालेय शिक्षण खात्याशी बोलावं. अमृत आहारासाठी आदिवासी विकास आणि महिला-बालविकास खात्यांशीही.

5. वन्यप्राण्यांच्या नुकसानभरपाईत कंदपिकांचा स्वतंत्र दर ठरवावा आणि त्यात गेलेल्या बियाण्याची किंमत धरावी.

या पाचांपैकी पहिली आणि पाचवी मागणी तुमच्या खात्याने महसूल आणि वन खात्यांना सोबत घेऊन याच वर्षी पूर्ण करण्यासारखी आहे. तिसरीला थोडे पैसे लागतील, फार नाही. दुसरीला दिल्लीत कुणीतरी नेटाने पाठपुरावा करावा लागेल आणि ते काम राज्याच्या मंत्र्याने केलं तर त्याला वजन येईल.

बियाण्याचे कंद मे अखेरीस जमिनीत जातात. त्याआधी ई-पीक पाहणीची यादी बदलली तर येत्या हंगामातली लागवड तिच्यात दिसेल. नाहीतर आणखी एक वर्ष आमचं पीक ‘इतर’मध्ये जाईल. म्हणून मी मेच्या आत लेखी उत्तर मागते आहे. उत्तर नकाराचं असलं तर कारणासहित द्यावं. ते मी आमच्या बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवीन आणि आमचं पुढचं पत्र त्या कारणांना धरून लिहू.

आपली,
कुडाळ तालुक्यातली एक शेतकरीण